वठलेला नारळ

पोपट आधी ऐकू येतो, मग दिसतो. साताऱ्यातल्या आमच्या घराच्या परसात सकाळी ‘कीऽअक, कीऽअक’ असा घाईचा, कर्कश हाकारा झाला की पाठोपाठ हिरव्या रेघा छपरावरून सर्रकन जायच्या आणि पेरूच्या झाडात शिरून नाहीशा व्हायच्या. दहा-बारा पोपट एका झाडावर बसलेत हे ठाऊक असूनही बराच वेळ नुसती पानंच दिसत राहायची. मग एखादी लाल चोच हलायची, अर्धवट कुरतडलेला पेरू टपकन खाली पडायचा आणि तिथून नजर सरकवत नेली की एकेक जण सापडू लागायचा. माझ्या आत्याला मात्र ते आल्याबरोबर दिसायचे. “वरच्या फांदीला दोघं, बेचक्यात एक मादी,” असं ती हलक्या आवाजात सांगायची आणि मी कॅमेरा तिकडे वळवायचे.

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्याबद्दल लिहायला बसलं की पोपटांबद्दल लिहावंच लागतं, कारण आमचं दोघींचं जवळजवळ सगळं बोलणं त्या परसात, त्यांच्या सोबतीनं झालं. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. लग्न केलं नव्हतं. आजी-आजोबांचं दुखणंखुपणं, शेवटचे दिवस, सगळं तिनंच निभावलं आणि त्यांच्यामागे ते जुनं घरही तिनंच राखलं. रात्रपाळी करून आली की आंघोळ उरकून, चहाचा कप घेऊन ती मागच्या पायरीवर बसायची. रात्रभर माणसांचं कण्हणं ऐकलेल्या कानांना पोपटांचा तो गोंगाट का आवडत असेल, असा प्रश्न मला लहानपणी पडायचा. मोठी झाल्यावर कळलं. त्या गोंगाटात कुणी तिच्याकडे काही मागत नव्हतं.

परसात पेरू होता, डाळिंब होतं, शेवगा होता, कुंपणाला मिरचीची चार झाडं होती. पोपटांनी यातलं काहीही वर्ज्य मानलं नाही. पेरू पिकायची वाट ते बघत नसत. कच्चा असतानाच आतल्या बियांसाठी पोखरायचे, दोन घास खाऊन टाकून द्यायचे आणि पुढच्याला चोच लावायचे. मिरच्या तर आवडीनं खायचे. मिरचीतलं तिखटपण पक्ष्यांना जाणवतच नाही. आपल्या तोंडाला जे झोंबतं ते त्यांच्या जिभेला कळत नाही. शेजारच्या काकू म्हणायच्या, “अहो, जाळी तरी टाका झाडावर, एक पेरू तोंडी लागू देत नाहीत मेले.” आत्या त्यांना बाजारातून आणलेले पेरू द्यायची आणि झाड उघडंच ठेवायची. ज्वारीच्या दिवसांत रानात मचाणावर बसून गोफण फिरवणारा शेतकरी पोपटांवर का चिडतो, हे तिला पुरतं समजत होतं. तिचं बालपण कणसं राखण्यातच गेलं होतं. “त्याचं वर्षाचं पोट त्या कणसांवर असतं. माझं या पेरूंवर नाही,” एवढंच ती म्हणायची.

पण पोपट आमच्याकडे फळांसाठी जेवढे येत, त्याहून जास्त त्या वठलेल्या नारळासाठी येत.

परसाच्या कोपऱ्यात, विहिरीपलीकडे, आजोबांनी लावलेला तो नारळ होता. एका वळवाच्या पावसात त्याच्यावर वीज पडली. शेंडा जळाला, झावळ्या एकेक करून गळाल्या आणि तीन पुरुष उंचीचं नुसतं खोड उभं राहिलं. वठलेलं झाड दारात ठेवू नये, असं आल्यागेल्यानं सांगितलं. कुणी म्हणालं, पडलं तर भिंत घेऊन जाईल. आत्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग त्या बाजूची कपडे वाळत घालायची तार तिनं दुसरीकडे बांधली, पोरांना तिकडे खेळायला बंदी केली आणि दरवर्षी मृगाच्या आधी एका जाणत्या माळ्याला बोलावून बुंधा ठोकून बघायचा नेम धरला. “उभं आहे तोवर उभं राहू दे,” हा तिचा त्या खोडाबाबतचा शेवटचा शब्द होता.

पहिल्यांदा तिथे आला सोनपाठी सुतार. त्यानं ठकठक करत वरच्या अंगाला एक गोल भोक पाडलं, आपला संसार केला आणि गेला. पुढच्या थंडीत त्या भोकापाशी पोपटांची जोडी दिसली. पोपटाची चोच दिसते मजबूत, पेरू आणि बदाम फोडते, पण सुतारासारखी कोऱ्या लाकडात ढोली खोदणं तिचं काम नाही. आयती मिळालेली ढोली कुरतडून रुंद करणं तिला जमतं. म्हणून पोपट, साळुंक्या, पिंगळे असे कितीतरी पक्षी सुतारानं टाकून दिलेल्या नाहीतर झाड कुजून आपोआप झालेल्या पोकळीवर अवलंबून असतात. फळझाडं माणसं हौसेनं लावतात. वठलेलं खोड मात्र मुद्दाम कुणी लावत नाही. ते नुसतं न तोडता राहू द्यावं लागतं आणि त्यासाठी आत्यासारख्या कुणाला तरी दारात उभं राहावं लागतं.

माझ्या हातात कॅमेरा आला तो कॉलेजात असताना. तेव्हा ३६ फोटोंचा रोल असायचा आणि खटका दाबण्याआधी पैशांचा हिशेब डोक्यात यायचा. पुढे मुंबईत फोर्टातल्या एका दुकानातून ३०० मिलिमीटरची जुनी लेन्स घेतली. न्हाणीघराच्या खिडकीला गोणपाट लावून त्याला लेन्सपुरतं भोक पाडलं आणि तिथे स्टुलावर बसून मी त्या ढोलीवर नजर लावायचे. सकाळच्या कमी उजेडात मंद फिल्मवर उडत्या पोपटाचा फोटो मिळणं जवळपास अशक्यच. पंख पुसटून जायचे. बसलेला पोपट मिळायचा, पण तो पानांत हरवायचा. स्टुडिओतून आलेले फोटो आत्या भिंगातून बघायची. फोटोत पोपट कुठे आहे हे मलाच शोधावं लागायचं, ती बोट ठेवायची.

पुढे डिजिटल कॅमेरा आला, कमी उजेडातही सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो घेता येऊ लागला आणि पोपट मला नीट दिसू लागला. नराच्या गळ्याभोवतीचा काळा-गुलाबी कंठ, जो त्याला जन्मतः नसतो, साधारण तिसऱ्या वर्षी येतो. मानेमागची निळसर झाक. वरची चोच लाल, खालची काळपट. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे, त्यामुळे शेंग किंवा मिरची मुठीत धरून खाता येते. आणि तो हिरवा. पोपटाच्या पिसात हिरवा रंग म्हणून वेगळा नसतो. पिसात असतं पिवळं रंगद्रव्य आणि पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेवर उजेड विखुरला की उमटतो निळा. दोन्ही मिळून आपल्याला हिरवा दिसतो. त्यामुळेच ढगाळ सकाळी तोच पोपट गडद, गंभीर दिसायचा आणि उन्हाची तिरीप आली की पोपटी होऊन जायचा.

एक फोटो मी अजूनही जवळ ठेवते. त्यात मादी ढोलीच्या तोंडाशी बसली आहे, नर तिच्या बाजूला. प्रणयाच्या दिवसांत ती डोकं अर्धगोल फिरवते, डोळे फिरवते. तो अंग ताठ करून, एक पाय उचलून तिच्या जवळ सरकतो, चोचीला चोच घासतो आणि पोटातलं मऊ झालेलं अन्न वर काढून तिला भरवतो. त्या क्षणी त्याच्या फिक्या डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, लगेच फुलते, पुन्हा बारीक होते. नुसत्या डोळ्यांनी हे कधी दिसलं नव्हतं. लागोपाठ घेतलेल्या फोटोंत ते उतरलं. आत्याला कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोठं करून दाखवलं तेव्हा ती खूप वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “भरवताना इतकं भान हरपतं त्याचं. भरवणाऱ्याचं असंच असतं गं.” आयुष्यभर दुसऱ्यांना भरवलेल्या बाईचं ते वाक्य होतं.

माझी आजी जात्यावर बसली की तिच्या ओव्यांत राघू आणि मैना यायचे. राघू म्हणजे मुलगा, मैना म्हणजे सासरी गेलेली लेक. महाराष्ट्रातल्या कितीतरी बायकांनी आपली माया आणि आपला विरह या दोन पाखरांच्या नावानं जात्याला सांगितलेला आहे. आजीची एक पैठणी होती, काठावर हिरव्या, लाल चोचीच्या पोपटांची रांग विणलेली, मुनियाच्या काठाची. ती आत्याकडे आली. नेसायचे प्रसंग फारसे आले नाहीत, पण वर्षातून एकदा ती उन्हात घालायची आणि काठावरून हात फिरवायची. ढोलीतून डोकं काढणाऱ्या प्रत्येक पिल्लाला, नर असो की मादी, ती राघूच म्हणायची.

एका चैत्रात एक पोरगा दोर खांद्यावर टाकून फाटकाशी आला. “मावशी, पिल्लं काढून देऊ का? एक तुम्हाला, बाकी मी नेतो.” पोपटाची पिल्लं ढोलीतून काढून बाजारात विकायची, हा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. आपल्याकडचा रानपोपट पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. तरी ‘विठू विठू’ बोलणारा पोपट दारात टांगायची हौस पुष्कळांची फिटलेली नाही. आत्यानं त्याला कायदा सांगितला नाही, ओरडलीही नाही. “चढ की,” ती म्हणाली, “पण वर गेलास की आधी त्यांच्या आईला विचार. ती हो म्हणाली तर ने.” पोरगा वर बघत उभा राहिला. मादी ढोलीच्या तोंडाशी येऊन त्याच्याकडे बघून किंचाळत होती. आत्यानं त्याला आत बोलावून पोहे दिले. जाताना तो दोर गुंडाळून घेऊन गेला.

लंडनला राहणाऱ्या माझ्या चुलतभावानं एकदा केन्सिंग्टन गार्डन्समधले फोटो पाठवले. बर्फाळ गवत, उघडी झाडं आणि त्यांच्यावर आपलेच कंठवाले पोपट. पिंजऱ्यांतून सुटलेल्या पाखरांची ती वंशावळ, १९७० च्या दशकापासून तिथे रुजलेली. सगळ्यांना थंडीचं नवल वाटलं. आत्यानं विचारलं ते एवढंच, “त्यांना तिथे ढोल्या मिळतात का?” मिळतात, असं मी वाचून सांगितलं. तिथल्या बागांत जुनी झाडं आहेत, त्यांत सुतारांच्या जुन्या ढोल्या आहेत. तिचं समाधान झालं. लांब गेलेल्या मुलाला खोली मिळाली का, एवढं विचारून निश्चिंत होणाऱ्या आईसारखी ती पुन्हा निवडणं निवडू लागली.

आत्या गेली ती पौषात. रात्री छातीत दुखलं आणि पहाटेपर्यंत सगळं संपलं. बाबा निवृत्त होऊन तोवर साताऱ्यात राहायला आले होते, ते तिच्याजवळ होते. मी पुण्याहून पोचले तेव्हा मागच्या पायरीवर तिचा चहाचा कप पालथा घालून ठेवलेला होता आणि पोपटांची जोडी वठलेल्या नारळाच्या ढोलीत आळीपाळीनं डोकावत होती. दरवर्षी त्या दिवसांत जोडी डोकावायचीच. घरातलं माणूस गेलं तरी पाखरांचं वेळापत्रक चुकत नाही, याचा मला त्या दिवशी राग आला होता. पुढे त्याच गोष्टीनं आधार दिला.

दहाव्याला आम्ही संगम माहुलीला गेलो. कृष्णा आणि वेण्णेचा संगम, घाटाच्या दगडी पायऱ्या, पिंड मांडलेला आणि कावळा शिवत नव्हता. झाडांवर कावळे होते, खाली उतरत नव्हते. अशा वेळी जमलेली माणसं गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा आठवू लागतात. तिच्या दागिन्यांचं बोलून झालं, घराचं झालं, माझ्या लेकीच्या शिक्षणाचं झालं. बराच वेळ गप्प असलेले बाबा पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, “ताई, त्या खोडाला कुणी हात लावणार नाही.” पुढे थोड्या वेळानं कावळा आला आणि पिंडाला शिवला. बाबा पायरीवर बसून रडले. बहीण गेल्यापासून तोवर ते रडले नव्हते.

घर आवरताना आत्याच्या ट्रंकेत जुनी कालनिर्णयं सापडली, वर्षावर्षाची, सुतळीनं बांधलेली. चौकोनाचौकोनांत तिच्या बारीक अक्षरातल्या नोंदी होत्या. दूध किती, गॅस कधी आला, कुणाच्या औषधाची तारीख. आणि त्यांच्याच ओळीत, “रा. जोडी आली.” “ढोलीत डोकावली.” “मादी बाहेर येत नाही, अंडी असावीत.” “पिल्लानं तोंड काढलं.” “सगळे उडाले.” पौष-माघात जोडी ढोली बघायला यायची, मग मादी दिसेनाशी व्हायची. साधारण २२ ते २४ दिवस ती अंडी उबवते आणि नर तिला आणून भरवतो. पिल्लं सहा-सात आठवडे ढोलीतच वाढतात. हे सगळं मी पुस्तकांत वाचलेलं होतं. इथे ते तिथीवार, आमच्या परसातलं, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलेलं होतं. काही चौकोनांत नुसतं “आज नाहीत” असं होतं. माझ्या हजारो फोटोंत एकही फोटो ‘आज नाहीत’चा नव्हता. कॅमेरा फक्त आलेल्याला टिपतो. आत्या न आलेल्याचीही वाट बघत होती आणि ते वाट बघणंही तिनं लिहून ठेवलं होतं.

त्या वर्षीच्या नोंदी बाबांनी ठेवल्या, त्याच कालनिर्णयावर, आपल्या वळणदार अक्षरात. चैत्र सरता सरता पिल्लं उडाली. वैशाखात वळीव आला, असा की गल्लीतले पत्रे उडाले. आणि त्या रात्री तो नारळ पडला. भिंतीवर पडला नाही, घरावर पडला नाही. विहिरीपलीकडच्या मोकळ्या जागेत, आत्यानं जिथून तार हलवली होती तिथे, आडवा झाला.

ढोली आतून पाहिली ती तेव्हा पहिल्यांदा. पोपट घरट्यात काडी आणत नाही, पीस अंथरत नाही. तळाला फक्त लाकडाचा मऊ भुसा होता, त्यात पांढऱ्या कवचाचे दोन तुकडे, एक लहान हिरवं पीस. आतल्या भिंती चोचींनी कुरतडून गुळगुळीत झालेल्या. इतक्या वर्षांच्या पिल्लांनी वर चढताना लावलेले ओरखडे बोटाला लागत होते. मी त्याचा फोटो काढला, आणि पुष्कळ दिवस परसात कॅमेरा नेला नाही.

पुढच्या पौषात जोडी आली. विजेच्या तारेवर बसली, नारळ जिथे उभा असायचा त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून ओरडत राहिली, एक फेरी मारून पुन्हा तारेवर आली. काही सकाळी हे चाललं. मग त्यांनी येणं थांबवलं. त्यांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. माझ्या मनात काय होतं ते सांगते. आत्या गेल्यावर सगळे म्हणाले की ती परसात आहे, पाखरांत आहे. मला ते कधीच पटलं नाही. ती कुठेही नव्हती, आणि नारळ पडल्यावर ती जिथे असायची ती जागाही राहिली नाही. दुःखाला टेकायला काहीतरी उभं लागतं. तेच आडवं झालं होतं.

पडलेल्या खोडाचा ढोलीचा तुकडा कापून बाबांनी तो जांभळाला उंच बांधला. त्यात साळुंक्या राहिल्या. चिंध्या, कागद, सापाची कात असं काय काय आणून त्यांनी संसार थाटला. बाबांनी कालनिर्णयात लिहिलं, “साळुंक्या आल्या. पोपट नाहीत.” तेही आत्याच्याच पद्धतीनं.

आता आमच्या गल्लीत वाडे पडून इमारती उभ्या राहिल्यात. त्यांच्या दारात हिरवळ आहे, शोभेची पाम आहेत, फुलझाडं आहेत आणि वाळकी फांदी एकही नाही. पावसाळ्यापूर्वी वाळलेलं सगळं उतरवून टाकतात. रस्त्यावर, घरावर, तारांवर पडणारं झाड उतरवायलाच हवं, त्यात वाद नाही. पण ज्याच्या पडण्यानं कुणाचं काही बिघडणार नाही असं वठलेलं खोड कुंपणाच्या कोपऱ्यात असेल, तर ते उभं राहू द्या, एवढं मला हात जोडून सांगायचं आहे. दाणे टाकले तर पोपट दिवसभर येतील. राहायचं तर त्यांना पोकळी लागते आणि ती एका दिवसात तयार होत नाही.

पोपट सकाळी अजून पेरूवर येतात. मी साताऱ्याला गेले की त्यांचे फोटो काढते. शेवग्याची एक जाड फांदी दोन वर्षांपासून वाळली आहे. शेवग्याचं लाकूड मऊ, तांबट पक्ष्याला आवडणारं, आणि गेल्या थंडीत तिच्यावर तांबटाची टोकरणी सुरू झाली आहे. ढोली झाली तरी ती तांबटापुरतीच असेल. पोपटांना पुरायला तिला रुंद व्हावं लागेल, वर्षं जावी लागतील. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. माळी फांदी तोडायला आला तेव्हा त्यांनी खुर्चीवरूनच हात वर करून त्याला थांबवलं आणि मग त्या फांदीखालची कपडे वाळत घालायची तार आम्ही दोघांनी मिळून हलवली.